ऑरिनची शिडी

“थेक्ला, जाळी कापायला कोण का चढेना, शिडी तू धर. तिचा डावा पाय सरकतो.”

माझा नवरा ऑरिन हे मला इस्पितळात म्हणाला, दोन शब्दांमध्येही दम लागत असताना. मी हो म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढे चढणारी पोरं आमचीच होती.

शिडी त्यानंच बनवलेली, लाकडी. बास्केटबॉलमध्ये अंतिम सामना जिंकणारा संघ शिडीवर चढून बास्केटची जाळी कापून नेतो. आमच्या कॉलेजनं कॉन्फरन्सची, म्हणजे आसपासच्या कॉलेजांची, स्पर्धा एकदाच जिंकली होती. त्या वर्षी शिडी धरायचं कुणाला सुचलं नाही आणि आमचा कप्तान पडून मनगट मोडून बसला. नवी आणा म्हटलं की ऑरिन विषय बदलायचा. पुन्हा एकदा ती जाळी उतरवायची, एवढ्या एका इच्छेवर त्यानं उरलेली कोचगिरी काढली.

केटन त्याचा लाडका खेळाडू. दर सोमवारी आमच्या स्वयंपाकघरात खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खायचा. मागून घ्यायचा, लाजायचा नाही. जाळी कोचच्या हातात ठेवीन तेव्हाच इथून हलेन, असं माझ्या टेबलावर थाप मारून सांगायचा. वसंतात ऑरिन अंथरुणाला खिळला आणि त्याच आठवड्यात केटन पलीकडच्या मोठ्या कॉलेजात निघून गेला. ना भेट, ना फोन. ऑगस्टमध्ये ऑरिनला पुरलं, तेव्हा चर्चच्या मागच्या बाकांकडे मी वळून वळून पाहिलं होतं.

यंदा साखळीत आमचा संघ पहिला आला, म्हणून अंतिम सामना आमच्याच जिममध्ये. समोर केटनचं नवं कॉलेज. लेंटचे, ईस्टरआधीच्या उपवासांचे दिवस. सकाळी जपमाळ झाली होती, संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत पाण्यावर होते. लेंटभर कुणाला वाईट बोलायचं नाही, हाही माझा नेम. शेजारच्या व्हर्नाचा असला काही नेम नव्हता. केटनच्या हाती चेंडू गेला की ती कोपरानं ढोसायची, “बघ गं, तुझ्याच रोलांवर पोसलेले हात.”

अगदी शेवटी आम्ही एका गुणानं पुढे होतो. केटननं पुढे झेप घेतल्यासारखं केलं, एक पाऊल मागे आला आणि चेंडू सोडला. ते मागचं पाऊल ऑरिननं त्याला आमच्या अंगणात शिकवलेलं. चेंडू जाळीतून गेला, भोंगा वाजला. आमची पोरं जर्सीत तोंड खुपसून जमिनीवरच बसली.

जाळी जिंकणाऱ्यांची, मग जिम कुणाचीही असो. त्यांच्या पोरांनी आमच्याच कोठीतून शिडी ओढत आणली आणि नाचत बाजूला झाली. पहिला मान केटनचा. कात्री घेऊन त्यानं पाय ठेवला, तसा शिडीचा डावा पाय जरासा सरकला. कुणाचं लक्ष नव्हतं.

माझं होतं. व्हर्नाचंही.

तिनं माझी बाही धरली. “बस खाली. पडतोय तर पडू दे.”

ओठांवर आलं होतं ते नेमात बसणारं नव्हतं. ऑरिननं शिडीचं सांगितलं, तेव्हा केटनला जाऊन महिना झाला होता. ऑरिनला ते ठाऊक होतं. तरी म्हणाला, कोण का चढेना.

केटन दुसऱ्या पायरीवर गेला होता. मी जपमाळ कोटाच्या खिशात टाकली, व्हर्नाची बोटं बाहीवरून सोडवली आणि गॅलरीतून खाली शिडीकडे उतरू लागले.