विचारपूस

भूकंपानंतर दवाखान्याची अर्धी इमारत शाबूत राहिली आणि तिच्यातलं औषधांचं कपाटही वाचलं. पेशंट मात्र दाही दिशांना पांगले. टीबीच्या रोग्यांना शोधून त्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू करायचं काम नर्सबाईंच्या गळ्यात पडलं. बाकीचे एकेक करून सापडले. कुणी शाळेच्या मैदानावर तंबूत होतं, कुणी लेकीच्या सासरी. एक शिंपी तेवढा हाती लागेना.

त्याचं दुकान आणि वरची खोली दोन्ही जमीनदोस्त झाली होती. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. म्हणजे जाणार तो नातेवाइकांकडेच, हे बाईंनी ताडलं आणि त्याच्या मेहुण्याचं घर गाठलं. शिंपी कामाच्या शोधात बाहेर गेला होता. मेहुण्याच्या बायकोने उद्या यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई गेल्या, तर तो चुलतभावाकडे निघून गेला होता.

चुलतभावाचं घर नदीपलीकडे. पूल बंद, म्हणून लांबच्या वळणाने जावं लागलं. तिथेही शिंपी घरी नव्हता; पाण्याच्या रांगेत उभा होता म्हणे. बाईंना थांबायला वेळ नव्हता. गोळ्या पुन्हा सुरू करायच्यात म्हणावं, कोर्स पूर्ण करा म्हणावं, असा निरोप त्यांनी चुलतभावाच्या बायकोकडे ठेवला. पुन्हा गेल्या तेव्हा पाखरू उडालेलं.

बाईंच्या टाचा सुजल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. पेशंट सहकार्य करत नाही असं लिहा आणि मोकळ्या व्हा, एवढंच डॉक्टर म्हणाले. मोकळ्या होणं इतकं सोपं असतं तर बाईंनी ते पहिल्याच दिवशी केलं असतं. फोन ठेवून त्या वाटेत दिसेल त्याला विचारत सुटल्या.

शेवटी बंद पडलेल्या भाजीमंडईच्या शेडमध्ये तो सापडला. शिलाई मशीन पुढ्यात घेऊन फाटलेल्या ताडपत्र्या शिवत बसला होता. गालफडं बसली होती आणि खोकला परत आला होता. बाईंनी पिशवी धाडकन खाली ठेवली.

"मास्तर, मी तुमच्यासाठी वणवण फिरतेय आणि तुम्ही आपले पुढे पळताय."

त्याने मशीन थांबवलं. "मी कुठे पळतोय, सिस्टर? तुम्ही येऊन गेलात की मला निघावं लागतं."

मग त्याने हळूहळू सगळं सांगितलं. बाईंचा गणवेश पाहून मेहुण्याच्या शेजारणीने ओळखलं होतं, या बाई कसल्या गोळ्या वाटतात ते. त्याच संध्याकाळी त्याचं ताट वेगळं झालं आणि सकाळी अंथरूण ओसरीवर आलं. चुलतभावाकडे तर कुणी एक शब्द बोललं नाही. चुलतभावाने मशीन उचलून रस्त्यापर्यंत पोचवून दिलं, एवढंच.

"आता माझ्यापासून कुणाला लागण होणार नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत," तो म्हणाला. "म्हणून तर गेलो होतो त्यांच्या घरात."

बाईंनी खरंच तसं सांगितलं होतं. पण ते गोळ्या चालू असतानाचं होतं; आता मध्ये इतका खंड पडला होता की छातीवर हात ठेवून काही सांगता येत नव्हतं. त्यांना कुणावर तरी चिडायचं होतं. मेहुण्याच्या बायकोवर चिडावं, तर तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. आणि रोगाचं नाव आपण तोंडातून काढलं नव्हतं, हे समाधानही आता पोकळ वाटत होतं.

त्यांनी थुंकीचा नमुना घेतला आणि गोळ्या समोर बसून खायला लावल्या. पुढचं त्याने ठरवलं: शेडमध्ये यायचं नाही, गणवेश घालायचा नाही, रोज सकाळी पेट्रोल पंपामागच्या नळावर भेटायचं. बाईंनी मान डोलावली.

काही दिवस तो वेळेवर आला. मग एक दिवस आला नाही. ऊन डोक्यावर आलं. मंडई हाकेच्या अंतरावर होती. तिथे आता आणखी चार कुटुंबं राहायला आली होती. चारदोन पावलं गेलं असतं तर कळलं असतं, पण विचारायचं कुणाला? बाई नळापाशी चरफडत उभ्या राहिल्या.

दुपार कलताना तो आला. ताडपत्र्यांचं काम घाईचं होतं, म्हणाला. बाईंनी गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि नळ सोडला. नळाचं पाणी केव्हाच गेलं होतं.