मुरुमवाले उभे राहा

चौऱ्याण्णव साली नगरच्या त्या दवाखान्याच्या पाटीवर नुसतं 'त्वचारोग' असतं तर भागलं असतं. पण खाली लाल अक्षरांत 'कुष्ठरोग'ही होतं, आणि वृषालीनं ते वाचून दाखवल्यापासून तिच्या आईच्या, मनकर्णाबाईंच्या, जिवाचं पाणी पाणी झालं होतं.

"कुनी वळखीचं दिसलं तर आपन डोळं दाखवाया आलोय म्हनायचं," त्यांनी लेकीला बजावलं.

वृषाली ओढणीनं तोंड गुंडाळून बसली. आत गाल ठणकत होते. रविवारी भिंगारची माणसं तिला बघायला तिसगावला येणार होती, पोह्यांचा कार्यक्रम ठरला होता. मुलाच्या आईनं, केशरबाईंनी, गेल्या वर्षी एका लग्नात तिचा नितळ चेहरा बघूनच विचारणा केली होती आणि मुलाचा, संदीपचा, फोटो पाठवला होता. त्यानंतर गालांवर मुरुमांचं हे पीक आलं. आता इथं कुणी पाहिलं, की 'महारोग झालाय' म्हणून गावभर बोभाटा होणार आणि मग पोरीला स्थळ कसलं येतंय!

खोली गच्च भरलेली आणि सगळेच चोरासारखे बसलेले. कुणाचा रुमाल नाकापर्यंत, कुणाचा पदर डोळ्यांपर्यंत. शेजाऱ्याचा धक्का लागू नये म्हणून जो तो अंग आक्रसून घेत होता. वृषालीलाही सगळ्यांची भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाजही.

तेवढ्यात दारातून केशरबाई आल्या. मागे तोंडाला रुमाल बांधलेला मुलगा. मनकर्णाबाईंनी लेकीचं मनगट इतकं आवळलं की बांगडी फुटली. "मान वर करू नगं."

केशरबाई नेमक्या समोरच्या बाकावर टेकल्या.

कंपाउंडर पुंजाराम बाहेर आला. गर्दी वाढली की पेशंटची वाटणी करायची त्याची पद्धत होती, आणि आवाज बाजारात लिलाव करणाऱ्याचा. "मुरुमवाले उभे राहा! बाकीचे बसून घ्या!"

आधी कुणीच हललं नाही. मग एक मुलगी उठली, एक पोलीस उठला, कॉलेजची पोरं उठली, एक लेकुरवाळी बाई उठली. बघता बघता निम्मी खोली उभी! माणसं एकमेकांकडे बघत रुमाल सोडू लागली.

"रोजचंच हाय," पुंजाराम वैतागला. "निम्मे मुरुमांचेच असतात, अन् तोंडं झाकून बसतात!"

समोरचा मुलगाही उठला. रुमाल खाली आला. हा तर फोटोतला संदीप! फोटोत एकही फोड नव्हता. स्टुडिओवाल्यानं पेन्सिल फिरवली असणार. वृषालीला एकदम हलकं वाटलं. तिनं आईचा हात सोडवला, उभी राहिली आणि ओढणी काढली.

"अगं बया! तिसगावची न्हवं तू?" केशरबाई ओरडल्या. "असलं तोंड आमच्या गळ्यात बांधनार हुता व्हय?"

"तुमच्या संदीपच्या तोंडावरबी त्येच हाय, मावशी."

"पोराचं येगळं असतं."

वृषालीनं संदीपकडे पाहिलं. त्यानं एक शब्द बोलावा, एवढंच तिला हवं होतं. तो रुमालाची घडी घालत राहिला. तिला रडू आलं नाही, राग आला.

मनकर्णाबाई हात जोडत पुढे झाल्या. वृषालीनं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"आई, रविवारी पोहे भिजवू नगं," ती म्हणाली आणि मुरुमवाल्यांच्या रांगेत संदीपच्या पुढे जाऊन उभी राहिली.