टाकी भरली

"टाकीले काईच झालं नाही काका," शिडीवरून उतरता उतरता गुणवंता म्हणाला. "पाइपबी चांगला हाये. तुमी बिनकामाचं मले वर चढवून राहिले."

"मंग पाणी काहून वाहून राहिलं?"

"मोटार टायमावर बंद होत नाही म्हणून."

हे ऐकायला रघुनाथरावांनी प्लंबर बोलावला नव्हता. या महिन्यात त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह बदलला होता, झाकण बदललं होतं, टाकीखालच्या विटासुद्धा पुन्हा रचल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं चाललं होतं, आणि हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

बोअरच्या मोटारीचं बटण मालकाच्या समोरच्या खोलीत, हा त्या घराचा तीस वर्षांचा कायदा. भाडेकरूच्या हाती बटण दिलं की बोअर आटलीच म्हणून समजा, असं त्यांचं ठाम मत. सकाळी मोटार ते लावायचे, भाडेकरू गच्चीत उभा राहायचा आणि ओरडायचा, "काका, टाकी भरली!" खालून उत्तर जायचं, "ऐकलं, ऐकलं!" मास्तर आले, रेल्वेवाले आले, गेले. पांढुर्णा जिल्हा झाला तशी नव्या कार्यालयातली सायली वरच्या दोन खोल्यांत राहायला आली. हाक तीच राहिली. पत्नी गेल्यावर तर दिवसभरात त्यांना कोणी मारलेली ती एकच हाक असायची.

दिवाळीपासून ती हाक ऐकू येईनाशी झाली. समोर उभं राहून बोललेलं सगळं ऐकू येई. गच्चीवरचं तेवढं मोटारीच्या घरघरीत बुडून जाई. पाणी भिंतीवरून उतरून सायलीच्या खोलीत ओल आली. नागपूरहून हेमंतचा फोन आला, "बाबा, आता एक जरी तक्रार आली, तर घराले कुलूप लावतो अन् तुमाले इकडे घेऊन येतो." मुलाचा राग खोटा नव्हता, म्हणूनच त्यांना त्याची भीती वाटायची.

"पोरगी त गळा फाडून ओरडते काका," गुणवंता पाना पिशवीत टाकत म्हणाला. "आज मी बाजूले होतो, माह्याच कानठळ्या बसल्या."

"तिचा आवाजच बारीक हाये!" रघुनाथराव एवढ्या जोरात म्हणाले, की गुणवंता त्यांच्याकडे बघतच राहिला. मग पिशवी उचलून निघाला. जाताना जिन्यापाशी तो सायलीशी काहीतरी बोलत थांबला. तिने वळून रघुनाथरावांकडे पाहिलं.

संपलं. आता ही हेमंतला फोन करणार. त्या दिवशी रघुनाथरावांना जेवण गेलं नाही. त्यांनी बिनगळका नळ घट्ट केला, फाटकाच्या कडीला तेल दिलं, ट्रंक उघडली आणि तशीच बंद केली.

दुसऱ्या दिवशी वीज आल्याबरोबर त्यांनी मोटार लावली. दर पाच मिनिटांनी अंगणात जाऊन टाकीच्या पाइपातून पाणी पडतंय का बघायचं, परत येऊन बटणापाशी उभं राहायचं, गुडघे कुरकुरले तरी पुन्हा अंगणात. हे किती दिवस जमणार होतं?

सहाव्या फेरीला ते आत आले आणि थबकले. खिडकीच्या गजांसमोर वरून एक लाल ओढणी उतरत होती. टोकाला स्टीलची वाटी बांधलेली. ती खिडकीच्या मधोमध थांबली आणि दोनदा हलली.

रघुनाथरावांचे कान तापले. पोरीला कळलं होतं. अशी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. क्षणभर वाटलं, वाहू दे पाणी, भिजू दे भिंत. मग त्यांनी बटण दाबलं. मोटार थांबली. भिंतीवर एक थेंब आला नव्हता.

ते अंगणात गेले. सायली कठड्यावरून वाकली होती. तिचे ओठ नेहमीसारखे हलले.

रघुनाथरावांनी मान वर केली आणि अख्ख्या गल्लीला जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ऐकलं वं पोरी, ऐकलं!"