ब्युटेनॉलच्या दोन बाटल्या

"धोंडू, या दोघींच्या चिठ्ठ्या कुठायत?" मुळ्ये मॅडमनी दोन बाटल्या उजेडात धरून विचारलं.

चिठ्ठ्या टबात तरंगत होत्या. मॅडमचं फर्मान होतं की यंदापासून सगळ्या रसायनांची नावं नव्या पद्धतीने, म्हणजे कार्बन मोजून लिहायची. रत्नागिरीच्या त्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या धोंडूने कामाचा एकदाच फडशा पाडायचा म्हणून, जुन्या चिठ्ठ्या सुटाव्यात यासाठी, चाळीस बाटल्या गरम पाण्यात सोडल्या. अडतीस त्याने आकारावरून, वासावरून ओळखल्या. या दोघी मात्र जुळ्या निघाल्या. दोन्हींत ब्युटेनॉल, दोन्ही पाण्यासारखी नितळ. एकीच्या नव्या नावात एक हा आकडा, दुसरीच्या दोन, एवढाच फरक.

"ओतून टाका. बिननावाचं रसायन मी परीक्षेला देणार नाही. आणि प्राचार्यांना कळवावं लागेल."

धोंडू हबकला. निवृत्ती चार महिन्यांवर आलेली, आणि आजवर त्याच्या नावावर एक फुटकी परीक्षानळीसुद्धा नव्हती.

"बाई, धा मिनटां द्या. पोरां करतात तां मी करून बगतंय."

"तुम्ही?"

"इतकी वर्सां नळ्या धुतंय. डोळे मिटून नाय धुतल्या."

त्याने दोन नळ्यांत थोडं थोडं द्रव घेतलं, झिंक क्लोराइड घातलेलं आम्ल ओतलं आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. पाचव्या मिनिटाला उजवी नळी ताकासारखी गढूळ झाली. डावी होती तशीच राहिली.

"ही दोन नंबर, तीच गढूळ होते. ओएच दुसऱ्या कार्बनावर," धोंडू म्हणाला. "नि ती एक."

मॅडमनी स्वतः पुन्हा करून पाहिलं. तेच आलं. धोंडूने नव्या चिठ्ठ्या खळीने चिकटवल्या आणि अक्षरं पुसू नयेत म्हणून नेहमीप्रमाणे त्यांवर मेणबत्तीचं मेण फिरवलं.

मॅडमनी नोंदवही उघडली. "तपासणाऱ्याचं नाव लिहायचंय. तुमचं पूर्ण नाव काय?"

पगाराच्या कागदाबाहेर इथे कुणी हे विचारलं नव्हतं. त्याला बरं वाटलं, आणि फार उशीर झाला असंही वाटलं.

"धोंडू रावजी गोताड."

"मग तुम्हीच लिहा."

त्याने जपून लिहिलं. मग पेटती मेणबत्ती उचलून तो वहीवर वाकला.

"अहो, वहीवर मेण कशाला?"

"शिंतोडे उडतात, बाई," धोंडू म्हणाला, आणि नावावर मेणाचे दोन थेंब पाडून बोटाने सारखे केले.