पाळण्याची कडी

आपल्या लोकांची एक खोड आहे. नवीन मशीन हातात आली की वाटतं, अक्कलही त्याच खोक्यातून निघाली. देऊळघाटच्या तुळशीराम मिस्त्रीलाही परवापर्यंत असंच वाटत होतं.

मिस्त्री वाईट माणूस नाही हो! पंचवीस वर्षांत त्याची एकही भिंत ओळंब्याला चुकली नाही. पण यंदा त्यानं बॅटरीवर चालणारी हॅमर मशीन घेतली आणि गडी जमिनीवर राहीना. काँक्रीटमध्ये लोण्यासारखं भोक पाडणारी मशीन, आणि तिला वायरच नाही! चहा प्यायला गेला तरी मशीन पिशवीत सोबतच.

त्या दिवशी काम होतं किसनरावांच्या घरी. त्यांना नात झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नामकरण होतं. सून महामायाची हौस अशी, की पाळणा बैठकीत स्लॅबला कडी ठोकूनच टांगायचा. काम एका भोकाचं. मिस्त्रीनं सोबत आणली होती अंबूबाई, तीस वर्षं घमेलं वाहणारी मजूर बाई.

पंख्यापासून हातभर अंतरावर मिस्त्रीनं पेन्सिलीनं फुली मारली. अंबूबाईनं वर पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"मिस्त्री, तिथं नका पाडू भोक. तिथून वायरिंगचा पाइप गेला हाय."

"तुले स्लॅबच्या आतलं दिसते काय?"

"दिसत नाही, पण आठवते. सात वर्साआधी हा स्लॅब पडला तवा म्या इथंच होती, दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली. वायरमनले पाइप कमी पडला, मंग त्यानं पंख्यापासून बोर्डाकडं तिरपाच टाकून देल्ला. आतल्या खोलीची वायर बी त्यातूनच हाय. म्या त्यालेच अडखळून पडली. हे पहा, कोपराले अजून खूण हाय!"

मिस्त्री हसला. "पाइप भिंतीकडं सरळच जाते, सारी दुनिया जाणते. घमेलं उचलणारी बाई आता मिस्त्रीले शिकवते काय?"

अंबूबाईला ते लागलं. पण ती हटली नाही. "बरं, नका ऐकू. पण मेन त बंद करा!"

"काऊन? या मशीनले वायर हाय काय? वायरच नाही त शॉक कसा लागन?"

"मशीनले नाही, पण स्लॅबात त हाय ना!"

आतल्या खोलीतून महामाया म्हणाली, "नका ना मामा, मेन नका बंद करू! पोरगी आत्ताच झोपली. पंखा थांबला त घर डोक्यावर घेईन."

"पाच मिनिटाचं काम हाय, अंबूबाई. जाऊ द्या," किसनरावांनीही समजूत घातली.

तिघांनी मिळून एकीला गप्प केलं. वाचकहो, खरं सांगा, आपल्या घरात असं होत नाही काय? बोलणारीची साडी कशी आहे ते पाहून आपण तिचं बोलणं ऐकायचं की नाही ते ठरवतो.

मिस्त्री चपला काढून लोखंडी स्टुलावर चढला. कपडे घामानं ओले. एक हात मुठीवर, दुसरा मशीनच्या लोखंडी मानेवर. त्यानं मशीनची टोकदार बिट फुलीवर टेकवली. इतक्यात आतला पंखा घरघर करत थांबला.

"गेली लाईन!" किसनराव म्हणाले. आपल्या भागात लाईन गेल्याचं कोणाला नवल? बाळानं लगेच भोकाड पसरलं आणि मिस्त्रीला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"पहा भाऊ, पहा! लाईन गेली तरी आपलं काम चालू! हा असते बॅटरीचा फायदा!"

मशीन धडधडू लागली. पांढरी भुकटी त्याच्या डोक्यावर, मिशांवर पडू लागली. दोन इंच, अडीच इंच... आणि एकदम बिट पोकळीत गेल्यासारखी आत घुसली. मिस्त्रीनं मशीन मागं ओढली. बिटच्या आट्यांत भुकटीसोबत अडकलं होतं लाल प्लास्टिक आणि तांब्याच्या तारेचा चकचकीत तुकडा.

मिस्त्री कसाबसा खाली उतरला आणि भिंतीला टेकून बसला.

"बापा रे! देवाची कृपा, नेमकी लाईन गेली! नाहीतर आज माहं..."

"पण मिस्त्री," दारातून बाहेर पाहत किसनराव हळूच म्हणाले, "शेजारची पीठगिरणी त चालू हाय. लाईन कुठं गेली?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. अंबूबाई मेन स्विचजवळ उभी होती, त्यावर हात ठेवून.

"म्या पाडला," ती म्हणाली. "तुम्ही रागावसान म्हणून बोलली नाही. पोरगी रडली त तिले उगी करता येते. मिस्त्री, तुमच्या घरी रडारड झाली असती त म्या कोणाकोणाले उगी केलं असतं?"

महामाया बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली, तारेचा तुकडा पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. उद्याच्या नामकरणाच्या घरात आज काय झालं असतं!

मिस्त्रीनं हात जोडले. "अंबूबाई, चुकलो म्या. तुम्ही दाखवा, पाइप कुठून गेला."

"आता अहो-जाहो काऊन?" अंबूबाई हसली. "तूच म्हणा मिस्त्री, पण ऐकत जा!"

आणि सगळेच हसले. छातीवरचं केवढं ओझं उतरलं होतं!

मग अंबूबाईनं कोळशानं फरशीवर तिरपी रेघ ओढली. मिस्त्रीनं ओळंबा धरून ती वर स्लॅबवर उतरवली आणि रेघेपासून दोन हात दूर नवं भोक पाडलं. मेन अजून बंदच होता. कडी बसवून तिला सिमेंटचं भरलेलं पोतं तासभर टांगून पाहिलं. संध्याकाळपर्यंत वायरमननं तुटलेली वायर बदलली, जुनं भोक बुजलं, पंखा फिरू लागला आणि बाळ पुन्हा झोपलं.

दुसऱ्या दिवशी नामकरण थाटात झालं. पाळण्याला पहिला झोका कोणी द्यायचा? महामायानं अंबूबाईचा हात धरून तिला पुढं आणलं.

बंधू-भगिनींनो, बॅटरीची मशीन जरूर घ्या. मेन बंद असतानाही चालते, हाच तर तिचा मोठा गुण! मग तो बंद करायला आळस कशाला? आणि भिंतीला, स्लॅबला बिट टेकवण्याआधी त्या घरासाठी ज्यांनी घमेली वाहिली त्यांना विचारा. स्लॅबच्या पोटात काय दडलंय ते त्यांना ठाऊक असतं, आपण विचारत नाही एवढंच.

तुळशीराम मिस्त्री आता कुठंही गेला की आधी मेन पाडतो आणि कोणी चालू करू नये म्हणून त्यावर आपला खांद्यावरचा दुपट्टा बांधतो. मग विचारतो, "स्लॅबच्या दिवशी इथं कामाले कोण होतं?" मागच्या आठवड्यात मोताळ्याला एक मालक म्हणाले, "अहो, त्या मजूर बाईले काय विचारता?"

मिस्त्रीनं दुपट्ट्याची गाठ घट्ट केली. "भाऊ, अशाच एका बाईनं माह्या विचारण्याची वाट पाहिली नाही, म्हणून त म्या आज तुमच्यासमोर उभा हाय."