गाईला दिलेले लाडू

बटण काजापर्यंत पोचलं आणि पुन्हा मागे सरकलं... बोटभर अंतर. लुंबिनीनं श्वास आत ओढून धरला. पण श्वास धरून किती थांबे जाणार? तीन आठवड्यांनी लातूरच्या एसटी आगारात हजर व्हायचं, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून गर्दीतून सरकायचं, आणि खाकी शर्टात हे पोट — हे माझंच का? तिनं गणवेश घडी न घालताच पिशवीत कोंबला.

बाळंतपणाला माहेरी, देवणीला आल्यापासून आई तिला चारत होती. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपात बुडालेली भाकरी. ओली बाळंतीण जेवली तर लेकरू प्यालं, हा कोंडाबाईचा कायदा, आणि त्यावर अपील नव्हतं. म्हणून गेला महिनाभर लाडू ओढणीआड गोठ्यात जात होते, नुकत्याच व्यालेल्या गाईच्या तोंडात. मग भाकरीही जाऊ लागली. वजन उतरत होतं, हे खरं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, हेही खरं — पण ते सांगणार कुणाला?

आज सकाळी अंगणवाडीत महानंदाताईंनी चार महिन्यांच्या प्रियदर्शनीला वजनाच्या झोळीत ठेवलं, तर काटा गेल्या महिन्याच्या खुणेपासून जेमतेम हललेला. ताईंनी हळूच विचारलं, "पोटभर जेवून राहिलीस ना?" "हाव," लुंबिनी म्हणाली. खोटं किती सहज निघतं... तिच्या उतरलेल्या अंगाकडे बघत ताई समजावत राहिल्या. वजन सावकाश उतरू दे, महिन्याला फार तर दोन किलो. तूप-गूळ कमी कर, डाळ-भाकरी, पालेभाजी नको सोडू. लेकरू घेऊन रोज चाल. आणि उद्याच डॉक्टरांना दाखवून ये.

परतताना ऊन तापलं होतं आणि खांद्यावरची लेक हलकी लागत होती. आजवर ते हलकेपण तिला सोयीचं वाटलं होतं. माझं उतरलं ते कुणाच्या ताटातलं उतरलं?... मी काय करून बसले?

अंगणात गाईनं मान लांबवली आणि ओढणीचं टोक चाटायला लागली. कोंडाबाई दारातच उभी होती. तिनं गाईकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"म्हणून लई लाडात आलीय ही," ती म्हणाली. पण हसली नाही.

लुंबिनीनं खाली मान घालून गणवेशाचं सांगून टाकलं. आई रागावेल असं तिला वाटलं होतं. आई उंबऱ्यावर बसली.

"तुझ्या येळंला बाविसाव्या दिवशी मी रानात निंदायला गेले. पोटात काय न्हवतं, अंगावर दूध न्हवतं. तू रडून रडून झोपायचीस. लाडू नको तर नको म्हन. पर जेव, बाय."

म्हणजे इतके दिवस आई जिला चारत होती, ती मी एकटी नव्हतेच... तिथं तेव्हाची ती बावीस दिवसांची बाळंतीणही बसलेली होती, रिकाम्या ताटापुढे. लुंबिनीला आईची एवढी माया आली की ती उंबऱ्यावर तिला खेटून बसली.

प्रियदर्शनी कुरकुरली, लुंबिनीनं तिला ओढणीखाली घेतलं. आईनं ताट पुढे सरकवलं, कोरडी भाकरी आणि घट्ट वरण. एक भाकरी संपली. तीन आठवड्यांनी काय होईल, दूध पुन्हा वाढेल का, काहीच ठाऊक नव्हतं.

"आई, आणखी अर्धी दे," ती म्हणाली, आणि आपल्याला किती भूक लागली होती हे तिला तेव्हा कळलं. पुढचा घास तिनं सावकाश चावून गिळला.