धर्मेंद्रचा कडता

धर्मेंद्र तेरा महिन्यांचा होता आणि वजन करून घ्यायला त्याची स्वतःची काहीच हरकत नव्हती. हरकत होती त्याच्या आजीची, रमिलाबाईची. आणि तोरणमाळच्या घाटाखालच्या त्या पाड्यावर रमिलाबाईची हरकत म्हणजे सगळ्यांचीच हरकत.

हे अल्पनाला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती नंदुरबारला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सामुदायिक आरोग्याच्या कामासाठी महिनाभर पाड्यावर आली होती. घर म्हसावदचं. वडील उमेदमलशेठ डोंगरातला आमचूर, चारोळी, मोहाची फुलं विकत घ्यायचे. काट्यात लबाडी करणारा माणूस नव्हता तो, पण कडता मात्र कापायचा. माल ओला आहे, माल धुळीचा आहे, म्हणून दर गोणीमागे दोन किलो वजा. वजन चाळीस भरलं की धरायचं अडतीस, असा तो कडता. लहानपणापासून गल्ल्याशेजारी बसून अल्पनाही ही वजाबाकी तोंडी करायला शिकली होती.

आणि तिथेच घोळ झाला. बाळांचं वजन करायचा टांगता काटा आंब्याच्या फांदीला अडकवला, की आधी त्याला रिकामी झोळी लावायची, काटा शून्यावर आणायचा आणि मगच बाळ झोळीत ठेवायचं. एवढं साधं. पण समोर चौदा आया पोरं घेऊन बसलेल्या, पाड्यावरच्या आशा सेविकेने, रिनाने, तीन दिवस दारोदार फिरून त्यांना जमवलेलं. अल्पनाच्या अंगात घाई शिरली. तिने धर्मेंद्रला थेट झोळीत घातलं. काटा सात किलो तीनशेवर थांबला. झोळीचे चारशे ग्रॅम तिला पाठच होते. तिने मनातल्या मनात वजा केले आणि मोठ्याने सांगितलं, "सहा किलो नऊशे!"

रमिलाबाई ताडकन उठली. घरी ती पावरी बोलायची, पण चाळीस वर्षं बाजार केलेली बाई, व्यापाऱ्याशी भांडायला तिच्याकडे अस्सल अहिराणी होती.

"काटावर सात तीनशे दखास अन् तू सहा नऊशे सांगस? तू म्हसावदना उमेदमल शेटनी पोर ना? तरीच! बाप आमचूरमा कडता कापस, पोर पोऱ्यामा कापस! मन्हा नातू काय ओला शे?"

सगळा पाडा हसला. हसता हसता एकेक बाई पोराला काखोटीला मारून निघूनही गेली. झाडाखाली उरली अल्पना, रिना आणि वाऱ्यावर हलणारी रिकामी झोळी.

अल्पनाला रडू फुटायचंच बाकी होतं. हसं झालं त्याचं तिला एवढं काही वाटत नव्हतं. तेरा महिन्यांच्या पोराचं वजन सात किलोंच्या आत म्हणजे तक्त्यातला लाल रंग, हे तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. धर्मेंद्र रांगायचा थांबला होता, आजी भरवायची तो घास तोंडातच धरून ठेवायचा. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत. त्याला आता ग्रामीण रुग्णालयाच्या पोषण केंद्रात न्यायलाच हवं होतं, आणि नेणारी एकटी रमिलाबाई.

"ताई, तुम्ही झोळी कोणाला दाखवलीच नाही," रिना म्हणाली. "म्हातारी बाजारात पारड्याखाली हात घालून बघते. तुमचं तोंडी कसं चालेल?"

लोकांना सोबत घेऊन काम करावे, हे वाक्य अल्पनाने वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. परीक्षेत त्यावर तिला पैकीच्या पैकी गुणही होते. तिला स्वतःचाच राग आला. तिने काटा काढला, झोळी खांद्यावर टाकली आणि तडक रमिलाबाईचं अंगण गाठलं.

"मावशी, मन्ही चूक व्हयनी. आते तुम्हीच मोजा. मी हात बी लावत नहीं."

रमिलाबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि काटा घेतला. पण असा लगेच विश्वास ठेवेल ती रमिलाबाई कसली! तिने काटा उलटापालटा केला, टिचक्या मारल्या. मग तो दारापुढच्या आढ्याला टांगला आणि घरातून मिठाचा न फोडलेला एक किलोचा पुडा आणून आकड्याला बांधला. काटा बरोबर एकावर. तिचा चेहरा जरा उतरला. भांडायची अर्धी मजा गेली होती. मग रिकामी झोळी. चारशे. कुंपणापाशी आता बायका पुन्हा जमू लागल्या होत्या.

धर्मेंद्रला झोळीत घालण्याआधी ती थांबली. त्याच्या कमरेचा घुंगरांचा करदोडा तिने सोडला, गळ्यातला ताईत काढला, हातातली कडी काढली.

"हाई पोऱ्यानं वजन नहीं," ती म्हणाली.

काटा सात दोनशेवर थांबला. रमिलाबाईचे ओठ हलले. वजाबाकी तिलाही कोणी शिकवायला नको होती. सहा आठशे. उमेदमलच्या पोरीने सांगितलं त्याहूनही शंभर कमी.

रमिलाबाईने पोराला उचलून छातीशी धरलं.

"कडवर लेतांना माले समजी ऱ्हायंतं," ती हळूच म्हणाली. "पोऱ्या हलका व्हई गया. पन सांगू कोनले?" आणि मग लगेच नेहमीच्या आवाजात, "गाडी कव्हय येई?"

रिनाने रुग्णालयाला फोन लावला. गाडी आली तेव्हा रमिलाबाई लुगडं बदलून, गाठोडं बांधून तयार होती. अल्पनाचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही तिला सुचत नव्हतं. तिने हात पुढे केला.

"मावशी, काटा द्या. बाकीनी पोरं मोजनी शेत."

"आते ऱ्हाऊ दे," रमिलाबाई गाडीत चढत म्हणाली. "मी येस तव्हय मोजू. तठला दवाखानाना काटा कोनी दखेल शे?"

आणि एका हातात नातू, दुसऱ्या हातात काटा घेऊन ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.